दादरचा १९३८ सालचा फ्लॅट : जुनी लादी ठेवायची की झाकायची?

मधलीखोली (शनिवार, सकाळी ११:१०)

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, पण या वेळी जाणकारांशिवाय सुटका नाही.

दादरला हिंदू कॉलनीत आमचा फ्लॅट आहे. तळमजला अधिक तीन मजल्यांची इमारत, १९३८ ची. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. सोसायटी आहे, घर मालकीचं आहे (हा प्रश्न पहिल्याच प्रतिसादात येणार, म्हणून आधीच सांगून टाकते). सासूबाई ७९ वर्षांच्या आहेत. काम चालू असताना त्या घर सोडून कुठेही जाणार नाहीत, हे ठरलेलं आहे.

हॉलमध्ये डिझाइनच्या सिमेंट लाद्या आहेत. मधे पिवळट-राखाडी चौकोन, कडेने काळ्या आणि विटकरी पट्ट्यांची किनार. खोलीच्या कोपऱ्यात ती किनार नीट काटकोनात वळते, तिथे वेगळी कोपऱ्याची लादी आहे. पॅसेज आणि आतल्या दोन खोल्यांत चिप्सच्या मोझॅक लाद्या. दारं सागवानी, वर उघडझाप होणाऱ्या काचेच्या झडपा. बाल्कनीचा कोपरा गोल, आणि ग्रिलमध्ये उगवत्या सूर्याचे किरण. भिंतींवर सात फुटांवर एक लाकडी पट्टी सगळीकडे फिरवली आहे, पूर्वी तिच्यावर तसबिरी टांगत असत.

आता रडगाणं. वायरिंग अजून लाकडी पट्टीतलं, गिझर चालू असताना मिक्सर लावला की फ्यूज उडतो. बाथरूमच्या छताचे पोपडे पडतात. हॉलमधल्या काही लाद्या फुटल्यात, काही हलतात. दारांवर इतके थर ऑइलपेंट आहेत की कडी बसत नाही.

कंत्राटदाराचं म्हणणं असं: जुन्या लादीवरच दोन बाय चार फुटांची व्हिट्रिफाइड टाइल टाकू, घरभर फॉल्स सीलिंग करू, खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या सरकत्या बसवू, दारं काढून फ्लश डोअर (प्लायची सपाट दारं) लावू. जुनं लाकूड तो 'घेऊन जाईल'. आणि स्वयंपाकघरात एका भिंतीला मोरोक्कन छापाच्या टाइल्स, हल्ली फार चालतात म्हणे.

नवरा म्हणतो, करून टाकू एकदाचं. सासूबाई म्हणतात, लादीला हात लावायचा नाही. मी माझ्या आयडीप्रमाणे मधल्या खोलीत. काय ठेवण्यासारखं आहे, काय उगाच जपतोय, सांगा.

अर्धाकप (शनिवार, दुपारी १२:०५)

'जुनं लाकूड तो घेऊन जाईल.' वा! केवढा परोपकारी माणूस. ताई, १९३८ ची दारं म्हणजे बहुतेक बर्मा सागवान. ते तो नेईल आणि तुम्हाला फ्लश डोअर देईल, वर मजुरीही लावेल. आधी जोगेश्वरीच्या ओशिवरा फर्निचर मार्केटात जाऊन जुन्या सागाच्या एका दाराचा भाव विचारून या, मग ठरवा कोण कोणावर उपकार करतंय.

आणि खऱ्या नक्षीच्या लाद्या झाकून छापील नक्षीच्या टाइल्स विकत घ्यायच्या, या कल्पनेला माझा साष्टांग नमस्कार.

कोबा (शनिवार, दुपारी ३:४०)

मी इंजिनिअर आहे, दुरुस्तीची कामं करतो. दिसण्याचा भाग बाकीचे सांगतील, मी वजनाचं बोलतो.

जुन्या लादीवर नवी लादी टाकायची तर खाली दीडेक इंच माल येतो. त्याचं वजन चौरस मीटरला ८० किलोच्या आसपास, व्हिट्रिफाइडचं वीस-बावीस. म्हणजे शंभर किलो. तुमचा हॉल २०० चौरस फुटांचा धरला तर एका हॉलवर सुमारे १९०० किलो, आणि तेही कायमचे. राहत्या घरात माणसं, सामानसुमान मिळून जो भार भारतीय मानकात धरतात तो चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो. त्यातला निम्मा तुम्ही लादीलाच देऊन टाकलात. स्लॅब ऐंशी वर्षांहून जुना आहे. वरच्या आणि खालच्या मजल्यानेही हेच केलं असेल तर कॉलमवर काय येतंय याचा हिशोब कुणीच करत नाही. ॲडेसिव्हने चिकटवली तर वजन तिसऱ्या हिश्श्यावर येतं, मान्य. पण कंत्राटदार बोलताना ॲडेसिव्ह बोलतो आणि लेव्हल मिळाली नाही की माल ओततो. शिवाय सगळी दारं खालून कापावी लागतात.

दुसरं, फॉल्स सीलिंग. बाथरूमच्या छताचे पोपडे पडताहेत म्हणजे आतल्या सळ्या गंजून फुगल्या आहेत. काँक्रीट जुनं झालं की हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने त्याचा अल्कपणा कमी होतो, सळीचं संरक्षण जातं, त्यात वरच्या बाथरूमची गळती. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून तो खालचं काँक्रीट ढकलून पाडतो. अशा स्लॅबखाली पीओपीचं छत लावणं म्हणजे आजार दिसू नये म्हणून आरसा काढून टाकणं. आधी घरभर छताला हातोडीने ठोकून बघा. जिथे बद्द वाजेल तिथे सैल काँक्रीट काढायचं, सळी चकचकीत होईपर्यंत घासायची, गंजरोधक लेप, बाँड कोट आणि मग पॉलिमर मॉर्टार. सळी फारच झिजली असेल तर जोडसळी. तिथे पीओपी भरणाऱ्याला घरात घेऊ नका. जिप्सम ओल धरून ठेवतं आणि सळी आणखी गंजते.

सोसायटीच्या उपविधींप्रमाणे ३० वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर तीन वर्षांनी व्हायला हवं. शेवटचा अहवाल मागून घ्या. नसेल तर आधी तो, मग रंगाचं कार्ड.

आणि एकही भिंत पाडू नका, चार इंचीसुद्धा, त्या इमारतीचा आराखडा इंजिनिअरने पाहिल्याशिवाय. ओपन किचनची फॅशन येते नि जाते.

खालचामजला (शनिवार, संध्याकाळी ६:१५)

सगळं ठीक आहे, पण दादरला कोणती इमारत रीडेव्हलपमेंटला जायची राहिली आहे? दोन-चार वर्षांत बिल्डर येईल, तुमची लादी डेब्रिजच्या ट्रकमध्ये जाईल. वायरिंग करा, बाथरूम करा, रंग काढा, बास.

इतर वाचकांसाठी: पागडीचं घर असेल तर आधी घरमालकाची लेखी संमती. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १६ मध्ये संमतीशिवाय कायमस्वरूपी बांधकाम हे घर रिकामं करून मागण्याचं कारण ठरू शकतं. लाकडी पार्टिशन, उभ्याने स्वयंपाकाचा ओटा, फॉल्स सीलिंग, एसी वगैरे त्यातून वगळलेत, पण महापालिकेची परवानगी लागत असेल तिथे ती घेऊनच. पोटमाळा घालताना मात्र जपून.

मधलीखोली (शनिवार, रात्री ९:३०)

कोबा, वजनाचा हिशोब नवऱ्याला वाचून दाखवला. तो अकाउंटंट आहे, आकडा आला की ऐकतो.

खालचामजला, रीडेव्हलपमेंटची चर्चा मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय. मुलगा आता कॉलेजात आहे.

लादीपुराण (रविवार, सकाळी ८:२०)

धागा माझ्यासाठीच निघालाय असं वाटतंय. वडिलांचा लादी बसवण्याचा आणि घिसाईचा (लादी घासून पॉलिश करण्याचा) धंदा होता, लहानपणापासून गुडघ्यावर बसून हेच केलंय.

तुमच्याकडे दोन वेगळ्या जाती आहेत, त्यांना एकच औषध चालत नाही. हॉलमधली नक्षीची सिमेंट लादी भट्टीत भाजलेली नसते. पितळी साच्याच्या कप्प्यांत रंगीत सिमेंटचा पातळ माल ओततात, त्यावर कोरडा माल घालून प्रेसखाली दाबतात आणि मग पाण्यात मुरवतात. रंगाचा थर वरचे काही मिलिमीटरच. त्यावर जाडा दगड लावून मशीन फिरवलं की नक्षी गेली. आतल्या खोल्यांतली चिप्सची लादी मात्र घासली तरी खाली तेच चिप्स निघतात, ती दणकट. पॉलिशवाला दोन्हीकडे सारखंच मशीन फिरवायला बघतो. त्याच्या डोक्यावर उभं राहा.

हॉलसाठी: आधी नुसतं गरम पाणी, साधा साबण आणि नायलॉनचा ब्रश. जुनं मेण आणि मळ निघाला की खरा रंग दिसतो, निम्म्या घरांत तेवढंच पुरतं. मग अगदी बारीक दगड, हलक्या हाताने. डाग राहिले तर ऑक्झॅलिकची पावडर, हातमोजे घालून (ते विषारी असतं, सासूबाईंना त्या खोलीत येऊ देऊ नका). संडास धुवायचं ॲसिड चुकूनही नको, ते सिमेंट आणि संगमरवरी चिप्स दोन्ही खातं. शेवटी मुरणारं सीलर किंवा साधं मेण. वरून चकचकीत इपॉक्सीचा थर देणारे भेटतील, त्यांना नमस्कार करा. वर्षभरात चरे पडतात आणि तो थर काढायला गेलं की लादीचा रंगही सोबत येतो.

फुटलेल्या लाद्यांसाठी एक युक्ती. कपाटाखाली, ओट्याखाली, दिवाणाखाली त्याच साच्याच्या धडक्या लाद्या असतातच. त्या काढून हॉलच्या मधे बसवायच्या आणि नव्या करून घेतलेल्या लाद्या कपाटाखाली घालायच्या. नव्या लादीचा रंग कितीही जुळवला तरी ऐंशी वर्षं पाय लागल्याची छटा तिला येत नाही, म्हणून ती लपवायची. काढताना पातळ छिन्नीने आधी सांधा मोकळा करायचा, कडेवर ठोकायचं नाही. प्रत्येक लादीच्या पाठीवर खडूने नंबर टाकायचा.

नव्या लाद्या अजून मिळतात. भारत टाइल्स १९२२ पासून या लाद्या करतेय, स्वदेशीच्या दिवसांत सुरू झालेला धंदा आहे. जुना नमुना दाखवला तर जुळवता येतो. तमिळनाडूतल्या अथंगुडीच्या लाद्याही छान असतात, पण त्या काचेवर हाताने ओततात. त्यांची झाक वेगळी, दादरच्या किनारीशी त्यांचा मेळ बसणार नाही.

जाता जाता, तुमच्या इमारतीच्या आदल्याच वर्षी, १९३७ साली, मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सने आदर्श घराचं प्रदर्शन भरवलं होतं. घरातच संडास-बाथरूम, गॅलरी, उजेड, लादीची जमीन हे सगळं तेव्हा 'मॉडर्न' होतं. तुमच्या आजेसासऱ्यांनी फॅशन म्हणूनच हे घर घेतलं असणार. ते जुनाट कधीच नव्हतं.

अर्धाकप (रविवार, सकाळी ९:००)

वरचा प्रतिसाद छापून घराघरांत वाटावा. +१

पेठकर (रविवार, दुपारी १:१०)

थोडं विरजण घालतो, हलकेच घ्या.

माझं बालपण पुण्यात सदाशिव पेठेतल्या वाड्यात गेलं. दिंडी दरवाजा, चौक, तक्तपोशी, महिरपी, कोनाडे, सगळं होतं. शिवाय चौकाच्या टोकाला सगळ्या बिऱ्हाडांत मिळून दोन संडास, आणि सकाळी डबा घेऊन रांग. माजघरात भरदुपारी दिवा लावावा लागे. वाड्याच्या आठवणीने गहिवरणाऱ्यांत चौकातून पाणी न भरलेले लोक जास्त भेटतात. १९६१ च्या पानशेतच्या पुरात नदीकाठचे कित्येक वाडे बसले, आमचा उरला, पण ओल कायमची राहिली. शेवटी पाडला तेव्हा आईला आनंद झाला होता, खोटं का सांगू.

तेव्हा जुनं म्हणून पूजा नको. मधलीखोली यांच्या फ्लॅटची गोष्ट निराळी, तिथे हवा-उजेड आहे, घरात संडास आहे. पण स्वयंपाकघर आणि बाथरूममध्ये सासूबाईंचा सोस चालू देऊ नका. तिथे सपाट, न घसरणारी जमीन, पकडायला दांडे, बसून आंघोळीची सोय. ७९ व्या वर्षी हेच महत्त्वाचं.

वाड्यातली एक गोष्ट मात्र मी ठेवली. सागवानी खांबाचं लाकूड चिरून जेवणाचं टेबल करून घेतलं. कुणी असं करणार असेल तर आधी लोहचुंबक फिरवून लपलेले खिळे शोधा, नाहीतर चिराई करणारा पातं मोडल्याचे पैसे लावतो. टोच्याने टोचूनही बघा. वाळवी लागलेल्या लाकडात तो लोण्यासारखा जातो.

शिंपली (रविवार, दुपारी ३:३०)

गोव्यातून लिहितेय, सासष्टीतलं सासरचं घर. चिऱ्याच्या भिंती, वर मंगळुरी कौलं, पुढे बाल्कांव (दारापुढची बसायची ओसरी), आणि काही खिडक्यांना अजून काचेऐवजी शिंपल्या. पातळ, चपट्या, चौकोनी कापून लाकडी पट्ट्यांत सरकवलेल्या. दुपारचं ऊन आत दुधाळ होऊन येतं. एक-दोन फुटल्या की नवऱ्याचं 'ॲल्युमिनियम लावूया' सुरू. पण मी आणि सुतार मिळून पट्ट्या सैल करतो आणि शिंपल्या बदलतो. सुतार मात्र म्हातारा झालाय आणि त्याचा मुलगा मॉड्युलर किचन करतो.

आमच्याकडची जमीन लाल ऑक्साईडची. तिला तडे जाणारच, आणि ठिगळाचा रंग कधीही जुळत नाही. आम्ही तडे तसेच ठेवले. महिन्यातून एकदा नारळाच्या तेलाचा हात फिरवला की पुरे. नव्याने करायला गेलो तर अख्खी खोली एका दमात घोटणारा गवंडी लागतो, तो मिळेना.

खरा खर्च छताचा. पावसाळ्याआधी कौलं शाकारायची, फुटकी बदलायची, वासे बघायचे. हे एक वर्ष चुकलं तर आतली सगळी सजावट धुऊन निघते. आमच्या गावात एका घरात दिवाणखाना असा सजवला होता की मासिकात यावा, आणि जूनमध्ये बरोब्बर झुंबराखाली बादली.

विटकरी (रविवार, रात्री ८:४५)

इंग्लंडातून. आमचं विटांचं जुनं टेरेस घर आहे, इथे हा वाद रोजचाच. पॅसेजच्या कार्पेटखाली जुन्या भौमितिक नक्षीच्या टाइल्स निघाल्या, कुणीतरी पन्नासेक वर्षांपूर्वी झाकलेल्या. आणि भिंतींना ओल आली ती जुनेपणामुळे नव्हे, तर मधल्या मालकाने चुन्याचा गिलावा काढून सिमेंटचा केला म्हणून. चुना ओल घेतो नि सोडतो, सिमेंट ती आत कोंडतं. पुण्या-कोकणातल्या दगडी किंवा मातीच्या भिंतींनाही हेच लागू. चुन्याच्या भिंतीला वॉटरप्रूफ प्लॅस्टिक पेंट फासू नका.

कोबा (रविवार, रात्री ९:१५)

विटकरी यांना अनुमोदन. फक्त दादरच्या त्या काळच्या इमारतींत सांगाडा आरसीसीचा (सळ्या घातलेल्या काँक्रीटचा) आणि मधे विटा असतात, गिलावा कधी चुन्याचा, कधी मिश्र. उकरून बघायचं. नखाने खरवडला की भुकटी होतो, पांढरा आहे, तो बहुधा चुना.

रंधा (सोमवार, सकाळी ७:५०)

सुतारकाम हा माझा छंद, पोट दुसऱ्यावर चालतं.

दारांवरचा ऑइलपेंट काढताना एक सांभाळा. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असतं. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएमवर (दहा लाख भागांत ९०) आली ती नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या थरांचा भरवसा नाही. म्हणून कोरडं घासायचं नाही, सँडर लावायचा नाही, ब्लो लॅम्पने जाळायचं तर अजिबात नाही. पेंट रिमूव्हर लावून, पापुद्रा ओला असतानाच पत्र्याने ओढायचा, खाली प्लॅस्टिक अंथरायचं, मास्क चांगला घालायचा, कचरा बांधून टाकायचा. जमलं तर दारं बिजागऱ्यांतून काढून गच्चीत न्या. घरात वयस्कर माणूस आहे, लहान मूल असतं तर आणखीच.

खाली साग निघाला की घाईने पॉलीयुरेथेन मारू नका. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने देतात ते फ्रेंच पॉलिश आतल्या दारांना पुरतं आणि पुढे कधीही तिथल्या तिथे दुरुस्त होतं. पाऊस लागणाऱ्या खिडक्यांना मात्र ते टिकत नाही, तिथे तेल किंवा बाहेरचं चांगलं वॉर्निश.

सरकत्या खिडक्यांबद्दल: सरकती खिडकी कधीही निम्मीच उघडते. तुमची दुपाखी खिडकी पूर्ण उघडते. मुंबईच्या दमटपणात हा फरक एसीच्या बिलात दिसतो. खालच्या चौकटीचं लाकूड कुजलं असेल तर तेवढाच तुकडा कापून जुन्या सागाचा सांधा मारता येतो. बिजागऱ्या आणि पितळी कड्या फेकू नका, चिंचेने घासा.

कोनाडा (सोमवार, दुपारी २:३०)

इंटिरिअरचं काम करते. आता सजावटीचं, कारण सगळे दुरुस्तीवरच अडलेत (बरोबरच आहे म्हणा).

जुन्या घरांत सर्रास दिसणारी चूक म्हणजे 'जुनं' हीच थीम करणं. ग्रामोफोनचा कर्णा, बैलगाडीचं चाक, कंदील, पितळी घागरी, आणि मग घराचं उपाहारगृह होतं. तुमच्याकडे खरी वस्तू आहे, तिला नकलांची सोबत कशाला? हॉलमध्ये लादी बोलणार. बाकीच्यांनी हळू बोलायचं. म्हणजे भिंती साध्या, पडदे एकरंगी सुती, आणि गालिचा नको. गालिचा घातलाच तर किनार झाकणार नाही एवढा लहान.

साडेदहा-अकरा फुटांचं छत असेल तर पंख्याला लांब दांडी लावा, नाहीतर वारा वरच फिरतो. कपाटं छतापर्यंत चढवू नका. सात फुटांवरची ती लाकडी पट्टी सोनं आहे. तिच्याखाली एक रंग, वर छतापर्यंत फिका किंवा पांढरा, खोली लगेच प्रमाणात येते. आणि तसबिरी तिच्यावर आकडे लावून टांगा, भिंतीत एक खिळा ठोकावा लागणार नाही.

रंग निवडायला दुकानात जाण्याआधी दाराच्या चौकटीमागे किंवा बटणाच्या पट्टीखाली ब्लेडने भिंत एक इंच खरवडा, थराथराने. घराचा पहिला रंग सापडतो, आणि तो त्या लाद्यांशी जुळवून निवडलेला असतो. त्या काळच्या आर्ट डेको शैलीच्या घरांत पिस्ता, क्रीम, फिका गुलाबी हे रंग बरेच असत.

वायरिंग नवं करताना भिंती चिरू नका. बाहेरून गोल कंड्युट (वायरचा पाइप) सरळ रेषेत, त्या लाकडी पट्टीच्या वरून फिरवला तर वाईट दिसत नाही, उलट घराला साजतो. काळ्या बॅकेलाइटचे खटके आवडत असतील तर दिसायला तसे नवे मिळतात, आत मात्र अर्थिंग आणि आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा खटका) हवाच. किचन मॉड्युलर करा खुशाल, पण पायांवर उभं, म्हणजे खालची लादी राहील.

खालचामजला (सोमवार, संध्याकाळी ७:००)

हेरिटेजचा शिक्का वगैरे आहे का तुमच्या भागाला? २०१८ मध्ये युनेस्कोने आर्ट डेको इमारती यादीत घेतल्या ना?

लादीपुराण (सोमवार, रात्री ८:१०)

त्या ओव्हल मैदान, मरीन ड्राइव्हकडच्या, समोरच्या गॉथिक इमारतींसकट. दादर-माटुंगा त्यात नाही. म्हणूनच इथलं जातंय. शिवाजी पार्क ते माटुंगा एक फेरी मारा, डेको ग्रिलं मोजा आणि पुढच्या वर्षी परत मोजा.

मधलीखोली (पुढचा शनिवार, सकाळी १०:४०)

सगळ्यांचे आभार. थोडं पुढे सरकलंय, सांगते.

इंजिनिअर येऊन गेले. हॉल आणि खोल्यांचं छत ठणठणीत वाजलं, बाथरूम आणि त्याला लागून पॅसेजचा तुकडा पोकळ. वरच्या मजल्याची गळती आहेच. वरच्या काकूंशी बोलायचं काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलं, त्या दोघींचं जुनं सख्य आहे. मला हायसं वाटलं. फॉल्स सीलिंग रद्द, आणि 'मग मी करू काय' म्हणून कंत्राटदारही रद्द.

ब्लेडचा प्रयोग मुलाने केला, बटणाच्या पट्टीखाली. वर आमचा ऑफव्हाइट, मग एक भयंकर पोपटी (नवरा म्हणतो, तो त्याच्या मुंजीच्या वेळचा), मग निळसर चुना, मग पुन्हा पांढरा, आणि तळाशी फिका, धुरकट पिस्ता. नखाएवढा तुकडा. लादीतल्या राखाडीशेजारी धरला तर दोन्ही एकाच डब्यातले वाटतात. सासूबाईंनी चष्मा लावून पाहिला आणि म्हणाल्या, हा माझ्या लग्नात होता.

तर हॉलला तोच रंग. लादी राहतेय. दिवाणाखाली आणि कपाटाखाली मिळून पुरेशा धडक्या लाद्या निघाल्या. बाथरूमला सासूबाईंची हरकत होती, पेठकरांचा प्रतिसाद वाचून दाखवला, दोन संडासांच्या रांगेपर्यंत आल्यावर त्या हसल्या आणि दांड्यांना हो म्हणाल्या. बसायच्या स्टुलाला अजून नाही.

खिडक्यांवर घरात एकमत नाही. नवऱ्याला डासांची जाळी हवी आणि दुपाखी खिडकीला ती कशी बसवायची ते कळत नाहीये. आणि पॉलिशवाला म्हणतोय, चिप्सच्या खोल्या एका दिवसात करून देतो. पटत नाही.

रंधा (शनिवार, सकाळी ११:२५)

जाळी आतल्या बाजूने, वेगळ्या बारीक सागवानी चौकटीत, आत उघडणारी. चौकटीत तेवढी खोली नसेल तर गुंडाळी होणारी जाळी वरच्या आडव्या पट्टीला बसते. खिडकीच्या मापाचा फोटो टाका, आकृती काढून देतो.

लादीपुराण (शनिवार, दुपारी १२:१५)

एका दिवसात घासेल, पण मग मधल्या नंबरांचे दगड गाळणार आणि वरून मेणाने चमक आणणार. जाडा, मध्यम, बारीक, मग आणखी बारीक असे दगड क्रमाने लागतात. जाड्या दगडानंतर छोटी भोकं दिसली की लादीच्याच रंगाच्या सिमेंटने भरायची आणि ते सुकू द्यायचं, तिथेच एखादा दिवस जातो. दर ठरवताना 'भरणी धरून' असं लिहून घ्या.

आणि घिसाईचं राखाडी पाणी मोरीत सोडू देऊ नका, तो सोडणारच. ते नुसतं सिमेंट आहे, पाइपात बसलं की नवीन केलेलं बाथरूम परत फोडाल. बादल्यांत भरून तसंच ठेवायचं, गाळ खाली बसला की वरचं पाणी ओतायचं आणि गाळ गोणीत घालून डेब्रिजबरोबर द्यायचा.

मधलीखोली (शनिवार, दुपारी १२:४०)

गोण्या आणून ठेवते. रंधा, खिडकीचे फोटो संध्याकाळी टाकते, आत्ता तिथे सासूबाईंचे पापड वाळताहेत.